कोपराने पाहिलेलं पाणी

डॉक्टरांनी मला डोळ्यांनी खूण करून केबिनबाहेर बोलावलं. मी उठायच्या आत बायको उठली आणि माझ्या आधी दाराशी जाऊन उभी राहिली.

"तुम्ही बसा ना आत. मी जरा साहेबांशी बोलतो," डॉक्टर म्हणाले.

"पोट माझं आहे. काय ते मलाच सांगा."

आमच्याकडे असं कुणी बोलत नाही. असला आजार आधी नवऱ्याला सांगतात, मग दिराला, मग मोठ्या मुलाला, आणि जिला झालाय तिला शेवटपर्यंत अल्सर आहे म्हणून सांगत राहतात. डॉक्टरांनाही तीच सवय असावी. ते गडबडून माझ्याकडे बघत राहिले, आणि मी मान हलवल्यावर त्यांनी तिला सांगितलं. आजार अंडाशयातून सुरू होऊन पोटभर पसरला होता. पोट फुगत होतं ते गॅसमुळे नव्हे, आत पाणी साठत होतं. ऑपरेशनने काही साधलं नसतं. औषधांनी थोडे महिने मिळतील, बरं होण्याची आशा धरू नका, पावसाळ्याच्या तोंडापर्यंतचं बघा, असं ते म्हणाले.

"ऑगस्टअखेर नाही का जमणार?" तिने विचारलं.

रिझर्व्हेशनच्या खिडकीवर विचारावं तसं तिने ते विचारलं. बाईंना नीट कळलेलं नाही असं वाटून डॉक्टर पुन्हा पहिल्यापासून समजावायला लागले. ती काय विचारतेय ते मला मात्र बरोबर कळलं होतं. आमच्या एकुलत्या एक मुलीला दिवस गेले होते आणि तिची तारीख ऑगस्टच्या शेवटची होती.

आम्ही तेव्हा मीरा रोडला शांती नगरात राहत होतो. गिरगावातली चाळीची खोली विकून तिथे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर घेतलं, त्याला बरीच वर्षं झाली होती. मी ऑफिसातून व्हीआरएस घेऊन घरी बसलो होतो आणि सोसायटीत पाण्यावरून भांडणं हा माझा मुख्य उद्योग होता. हॉस्पिटल शहरात होतं. परत येताना दहिसरच्या चेकनाक्यावर रिक्षा बदलावी लागे, कारण मुंबईची रिक्षा पलीकडे येत नसे. तिथे दुसरी रिक्षा बघत आम्ही उभे होतो तेव्हा ती म्हणाली, "मुलीला यातलं अक्षर कळता कामा नये. तुम्हाला माझी शपथ आहे."

माझं डोकं फिरलं. "तू डॉक्टरला दारात अडवलंस आणि पोरीला अंधारात ठेवणार?"

"माझ्या पोटात काय आहे ते मला कळलं. तिच्या पोटातलं आधी नीट बाहेर येऊ दे."

मुलगी नागपूरला दिली होती. आदल्या वर्षी तिचं तिसऱ्या महिन्यातच गेलं होतं आणि त्यानंतर ती बरेच दिवस नीट जेवत नव्हती. या खेपेला तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सातव्या महिन्यापर्यंत प्रवास बंद केला होता. पोटुशीला वाईट बातमी सांगायची नाही, हे आमच्यात लहान पोरांनाही ठाऊक असतं. मी शपथ मानली. रिक्षात बसल्यावर तिने माझा हात धरला नाही की मी तिचा. ती बाहेर बघत होती आणि मी रिक्षावाल्याशी विनाकारण भांडत होतो.

तिला काय हवं होतं ते तिने घरी आल्यावर सरळ सांगितलं. मुलीचं पहिलं बाळंतपण तिला स्वतःच्या हाताने करायचं होतं. बायकोची स्वतःची आई तिच्या लग्नाआधीच गेली होती, त्यामुळे तिचं बाळंतपण गिरगावच्या खोलीत माझ्या आईने केलं. माझ्या आईने काही वाईट केलं नाही, खाऊपिऊ घातलं, शेक दिला. पण सव्वा महिना बायको सासरीच पडून होती आणि सासरी सून पडून राहिलेली कुणालाच बघवत नाही. ते तिच्या मनातून कधी गेलं नव्हतं.

"माझ्यामागे हे घर तिचं माहेर राहिलं पाहिजे," ती म्हणाली. "मी गेले की तुम्ही पेपर वाचत बसाल. ती येईल, दोन दिवस तुमचे डबे घासेल आणि जाईल. घरात बाईमाणूस नाही म्हणून तिला कुणी पाठवणारही नाही."

"मग मी काय करू? लुगडं नेसू?"

"नेसलात तरी चालेल. आधी मांडी सोडा आणि पाय लांब करून बसा."

अशी माझी शिकवणी सुरू झाली. ऑगस्टपर्यंत ती टिकली तर बाळाला न्हाऊ ती घालणार होती, आणि नाही टिकली तर मी. तिने तीनेक किलो कणीक पिशवीत भरून ती जुन्या टॉवेलात बांधली, वरच्या बाजूला मोसंब्याचं डोकं केलं आणि ते गाठोडं माझ्या पायांवर ठेवलं. मी न्हाणीघरात पाटावर बसलेला, लेंगा गुडघ्यापर्यंत वर, पाय समोर जोडलेले. ती दारात खुर्ची टाकून बसायची. आधी पालथं, मग उताणं. तेल टाळूवर कसं जिरवायचं, मान कुठल्या हाताने धरायची, पाणी पाठीवरून ओतताना दुसरा हात नाकातोंडावर आडवा कसा धरायचा, हे सगळं ती सांगायची, आणि माझ्या हातून मोसंबं गडगडत मोरीत गेलं की शांतपणे म्हणायची, "मारलंत पोराला."

शेजारच्या गुजराती बेन एकदा उसना रवा द्यायला आल्या आणि न्हाणीघराच्या दारातच थांबल्या. "भाईसाब, ये क्या कर रहे हो?"

"बच्चे को नहला रहे हैं, बेन," बायको म्हणाली. "रवा ओट्यावर रख दो."

हे आठवून मला हसू येतं असं कुणाला वाटेल. तेव्हा येत नव्हतं. मला पाटावरून उठून काहीतरी फोडावंसं वाटायचं. माझी बायको मरणार होती आणि मी कणकेच्या पिशवीला तेल लावत होतो.

पाण्याचे तर हालच होते. नळाला एक दिवसाआड पाणी यायचं, तेही यायचं तर, आणि टँकरचं पाणी पिंपात भरून ठेवावं लागे. म्हणून शिकवणी बहुतेक कोरडीच चालायची. नळ आला त्या दिवशी मात्र ती गॅसवर पाणी तापवायला लावायची आणि मी बालदीत विसण घालायचो. मी हात बुडवून बरोबर आहे म्हणालो की तिचं ठरलेलं असायचं, "हात निबर असतात, त्यांना काही कळत नाही. कोपर बुडवा." मी कोपर बुडवायचो आणि पुन्हा बरोबर आहे म्हणायचो. मग ती खुर्चीवरून उठून, भिंत धरत येऊन, स्वतःचं कोपर बुडवायची आणि म्हणायची, "जरा गरम आहे." कधी एकदा तरी तिने बरोबर आहे म्हटलं असेल तर शपथ.

औषधांनी तिचे केस गेले. तोंडाची चव गेली. पोट पुन्हा पुन्हा फुगायचं आणि हॉस्पिटलात जाऊन सुई घालून पाणी काढावं लागायचं. पाणी काढलं की आठवडाभर ती हलकी असायची, आणि त्या आठवड्यात ती जेवढं जगायची तेवढं मला निरोगी असूनही कधी जमलं नाही. जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवली. डिंकाचे लाडू करायची रंगीत तालीम केली. स्वतःला वासानेही मळमळायचं, म्हणून ती चाखायला मला उभं करायची. एका सकाळी उठून म्हणाली, समुद्र बघायचाय. बसने उत्तनला गेलो. तिथे ती डोक्याला रुमाल बांधून, साडी वर खोचून पाण्यात उभी राहिली आणि लाट आली की मोठ्याने हसायची. गरम भजी मागवली, एक खाल्लं, बाकीची मला चारली. मी वाळूत बसून होतो. मला तिचं हसणं सहन होत नव्हतं. एवढं हसता येत असेल तर मरायचं कशाला, असं मला तिला ओरडून विचारावंसं वाटत होतं.

रडायला घरात जागा नव्हती. मी टाकीतलं पाणी बघून येतो म्हणून गच्चीवर जायचो. गच्चीवरून लांब मिठागरं दिसायची, उन्हात चकचकणारी. तिथे टाकीच्या आड उभा राहून मी रडून घ्यायचो आणि खाली येऊन म्हणायचो, टाकी अर्धीच आहे. ती म्हणायची, "डोळे धुऊन या, तेवढं पाणी असेल."

जवळच्या मोरवा गावाहून एक आगरी बाई आमच्याकडे भाजी घेऊन यायची. भाजी विकून झाली की ती बाळंतिणींना मालिश करायला जायची. बायकोने तिला मुलीच्या मालिशसाठी आधीच सांगून ठेवलं होतं. तिने एकदा मला पाटावर पाहिलं, टोपली खाली ठेवली आणि म्हणाली, "दादा, पाय जुलवून बसा. मधी फट न्हाय पायजे." बायकोच्या पोटाकडे तिने एकदाच पाहिलं आणि परत कधी पाहिलं नाही. त्यानंतर ती येताना आमच्यासाठी भाजीची एक जुडी जास्तच ठेवून जायची.

रविवारी मुलीचा फोन यायचा. तिला आम्ही काय काय सांगितलं ते आठवलं तरी आता कसंतरी होतं. आईला पित्त झालंय. आई देवळात गेलीय. आईचा घसा बसलाय. घरात रंगकाम काढलंय. इथे पाण्याचे फार हाल आहेत, आई वैतागलीय. यातलं शेवटचं खरं होतं, म्हणून ते सांगायला सोपं जायचं आणि आम्ही तेच जास्त वेळा सांगायचो. बायको फोनवर आली तरी कळ आली की दात आवळून गप्प व्हायची. मुलीला वाटायचं, आईला बोलायचं नाहीये.

सातव्या महिन्यात तिच्या सासरी डोहाळजेवण झालं. आई हिरवी साडी आणि चुडा घेऊन येणार, असं तिने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. बायकोच्या पोटातलं पाणी दोन दिवसांपूर्वीच काढलं होतं, तरी या खेपेला तिला जिना उतरवत नव्हता. नागपूरला जाणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर आम्ही साडी पाठवून दिली.

त्या रविवारी मुलीचा आवाज वेगळा होता. "साडी मिळाली," ती म्हणाली. "छान आहे. सासूबाई म्हणतात, बाळंतपण इथेच करू. तुमच्याकडे पाण्याचे हाल आहेत ना."

बायकोने रिसीव्हर घट्ट धरला होता. मी शेजारी उभा होतो, मला सगळं ऐकू येत होतं.

"आणि आई, तुला जमणार नसेल तर तसं सांगायचं होतंस. मी रागावले नसते."

"तुला सोयीचं पडेल तसं कर," बायको म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

मी म्हणालो, आत्ताच्या आत्ता फोन लाव आणि सांग तिला. तिने मान हलवली. मी हात जोडले. मी तिच्यावर ओरडलो, इतका की बेन दार उघडून बाहेर आल्या. ती एवढंच म्हणाली, "रागावलीय ना, रागावू दे. घाबरायला नको." मग ती पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली. थोड्या वेळाने तशीच पडल्यापडल्या म्हणाली, "ती कणीक डब्यात ओता. टोके होतील."

मी कणीक डब्यात ओतली. टॉवेल धुऊन वाळत घातला. इतके महिने मी जे रेटून नेत होतो ते तिथे संपलं. आजार आपल्याला हरवेल हे आम्ही पहिल्या दिवसापासून मान्य केलं होतं, पण मुलगीच येणार नाही हे आमच्या हिशेबात नव्हतं. पुढचे काही दिवस बायकोने न्हाणीघराच्या दारातली खुर्ची मागितली नाही. औषध दिलं तर घ्यायची, नाही दिलं तर विचारायची नाही. मला वाटलं ही आता आठवड्याभराची सोबती आहे.

घरून फोन करणं शक्य नव्हतं, तिने ऐकलं असतं. मी बाजारातून येतो सांगून खाली उतरलो आणि सेक्टरच्या कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमध्ये शिरलो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. शपथ मोडायची नव्हती, कारण माझा एरवी कशावर विश्वास नसला तरी त्या दिवसांत मी कशालाही हात लावायला घाबरत होतो.

"आईने सांगितलं फोन करायला?" मुलीने विचारलं.

"नाही. मी बाजारातून बोलतोय. तुला एक गंमत सांगायची होती. मी बाळाला न्हाऊ घालायला शिकलोय."

ती जोरात हसली. किती महिन्यांनी तिचं हसणं ऐकलं. "तुम्ही? तुम्हाला स्वतःचा टॉवेल सापडत नाही."

"खरंच. पाय लांब करून बसतो. कणकेची पिशवी घेऊन शिकलो. पालथं, उताणं, टाळूला तेल, सगळं येतं."

"कुणी शिकवलं?"

"आईने. उन्हाळाभर शिकवतेय."

ती अजून हसत होती. मग हसणं हळूहळू कमी झालं आणि थांबलं. काचेबाहेर एक माणूस आपला नंबर यायची वाट बघत माझ्याकडे बघत होता.

"बाबा, तुम्ही का शिकताय?"

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"बाबा, ऑगस्टमध्ये आई कुठे असेल?"

माझ्या तोंडून फक्त "तू ये" एवढंच निघालं. ती पुढे काही विचारायच्या आत मी फोन ठेवला, आणि बाहेरच्या माणसाने मला हाताला धरून बूथच्या पायरीवर बसवलं.

आठवडा संपायच्या आत जावई तिला घेऊन आला. मी दार उघडलं. बायको पलंगावरून उठून भिंतीच्या आधाराने बाहेर आली, डोक्याला रुमाल, गालांची हाडं वर आलेली, आणि पुढे हे एवढं पोट. मुलगी उंबऱ्यात उभी, तिचंही तेवढंच पोट. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की मी दोन पावलं मागे सरकलो.

"शपथ घातली होती मी."

"बाबांनी काही सांगितलं नाही," मुलगी म्हणाली. "ते नुसतं अंघोळीचं बोलले. आई, तू मला न सांगता मरणार होतीस?"

"तुझं बाळंतपण करून मग सांगणार होते."

मुलगी रडत पुढे गेली. तिने आईला मिठी मारायचा प्रयत्न केला, पण दोघींच्या पोटांमुळे त्यांना एकमेकींना नीट जवळही घेता येईना. शेवटी त्या बाजूबाजूने उभ्या राहून एकमेकींच्या खांद्याला धरून रडल्या. जावई चपला हातात घेऊन जिन्यातच उभा होता. बायको त्यानंतर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी म्हणाली, "कणीक बांधा."

डॉक्टरांनी दिलेली मुदत कधीच उलटून गेली होती. आता पाणी काढून आणलं की चार दिवसांत पोट पुन्हा तटतटायचं. ती उशांना टेकून बसून मुलीला खायला घालायची, तिच्या पायांना तेल लावायची, कळ आली की तोंडात पदराचा बोळा धरायची. मी सकाळी डोळे उघडले की आधी तिची छाती हलतेय का ते बघायचो. देव मानत नव्हतो, तरी भीक मागत होतो, आणि कुणाकडे मागतोय ते कळत नव्हतं. हॉस्पिटलातले डॉक्टर म्हणाले, आता कधीही. ती म्हणाली, "कधीही चालणार नाही हो डॉक्टर. तारखेला पंधरा दिवस आहेत अजून."

तारखेच्या थोडं आधीच, मीरा रोडच्याच एका नर्सिंग होममध्ये मुलगी बाळंत झाली. मुलगी झाली. बायकोला तिथे नेता आलं नाही. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नव्हती आणि आता उचलून जिना उतरवणंही तिला सोसत नव्हतं. नात घरी आली तेव्हा बायकोने तिला मांडीवर घेतलं नाही, आधी सगळी उघडी करून बोटं मोजली, मग म्हणाली, "पाट मांडा."

"मी घालतो ना. तू खुर्चीवर बस."

"पाट मांडा म्हटलं."

ती पाटावर बसूच शकत नव्हती. पाठ ठरत नव्हती आणि नडग्यांवर मांस उरलं नव्हतं, तिथे बाळ ठेवणार कसं? मोरव्याची बाई मालिशला आली होती. तिनेच तोड काढली. मला आधी पाटावर भिंतीला टेकून बसवलं, पाय लांब, जोडलेले. मग तिने आणि जावयाने बायकोला उचलून माझ्या पुढ्यात बसवलं. तिची पाठ माझ्या छातीला, तिचे पाय माझ्या पायांवर. त्या चार पायांवर नातीला पालथं घातलं. बायकोच्या हातांखाली मी माझे हात धरले. बाई पाणी ओतत होती. बायकोने टाळूला तेल जिरवलं, पाठीवरून हात फिरवला, मानेच्या वळीतलं पांढरं काढलं. तिच्या हातांचा सगळा भार माझ्या हातांवर येत होता. मुलगी बाजेवर पडून दारातून बघत होती. ती रडत नव्हती, सगळं डोळ्यांत भरून घेत होती. मला वाटलं, हे कधी संपूच नये, आणि तेव्हाच हेही कळत होतं की तिला बसवत नाहीये, लवकर संपलं पाहिजे.

नातीला पुसून दुपट्यात गुंडाळल्यावर बायकोने डोकं माझ्या खांद्यावर मागे टाकलं. "पाणी जरा गरम होतं," ती म्हणाली. "उद्या नीट बघा."

दुसऱ्या दिवसापासून मीच न्हाऊ घालायला लागलो. ती पलंगावरून नुसतं रडणं ऐकायची आणि सांगायची, गरम आहे, नाहीतर गार आहे. मग सांगणं बंद झालं. बारशाच्या आधी, एका सकाळी चहा आणून बघतो तर ती गेली होती.

बिल्डिंगमधल्या बायका जमल्या. एक म्हणाली, नशीबवान हो, अहेव गेली. हिरवी साडी, हळदकुंकू, मळवट, सगळं मिळालं. मी म्हणालो, तुमचं नशीब तुमच्याकडेच ठेवा. मग दुसरीच कुजबुज सुरू झाली, की ओली बाळंतीण आणि तान्ही पोर सुतकाच्या घरात कशाला, घरात बाई नाही, नागपूरलाच पाठवून द्यावं. जावयाला त्याच्या आईचा तसा फोनही आला होता. तो माझ्याकडे बघत होता.

बायकोला शेवटची अंघोळ घालायची होती. सवाष्णीला बायकाच घालतात. मी म्हणालो, मी घालणार. कुणीतरी म्हणालं, असं नसतं. आतून मुलीचा आवाज आला, "बाबाच घालतील."

मोरव्याची बाई तिच्या नेहमीच्या वेळी आली होती. तिने पाणी तापवून बालदी आणून ठेवली. मी गुडघ्यांवर बसलो, बाही वर केली आणि कोपर बुडवलं. पाणी कढत होतं. मी गार पाणी ओतलं आणि पुन्हा बुडवलं.

"दादा, आता कशाला बघता?" ती हळूच म्हणाली. "ताईला चटका न्हाय लागायचा आता."

मला ते कळत होतं. तरी मी आणखी गार पाणी घातलं आणि परत पाहिलं. बायका खोळंबल्या होत्या.

स्मशानातून आम्ही परत आलो तेव्हा दुपार झाली होती. मी अंघोळ करून बाहेर आलो तर न्हाणीघराच्या दारात पाट, तेलाची वाटी आणि बालदी मांडलेली. मुलगी दुपट्यातली पोर घेऊन भिंतीला धरून उभी होती. नातीची अंघोळ त्या दिवशी राहिली होती.

"आज राहू दे गं," मी म्हणालो. "माझे हात..."

"सासूबाईंना मी फोन केला," ती म्हणाली. "सांगितलं, मी माहेरी आहे, सव्वा महिना झाला की येईन. बसा तुम्ही."

मी पाटावर बसलो. पाय जोडले, मधे फट ठेवली नाही. कोपर बालदीत बुडवलं आणि सवयीने पलंगाकडे बघून म्हणालो, "बरोबर आहे."

पलंगावरची गादी काढून नेली होती. मुलीने पोर माझ्या पायांवर ठेवली, आईची खुर्ची ओढून घेतली, बाळंतपणाच्या टाक्यांवर हात धरून बेताने बसली आणि वाकून आपलं कोपर पाण्यात घातलं.

"जरा गरम आहे, बाबा," ती म्हणाली.

मी गार पाणी ओतलं.